बिनबदामाची बदामी

इटलीतल्या सारोन्नो गावचं अमारेत्तो, म्हणजे बदामी चवीचं गोड मद्य, घरी करणं अगदी सोपं. साखरेचा पाक, व्होडका, बदामाचा इसेन्स, जरासा व्हॅनिला, झालं. फक्त ते अमळनेरला, मे महिन्यात, आई घरात असताना करू नये.

इसेन्स मागितला तर दुकानदार म्हणाला, "बासुंदी का कुल्फी?" मी म्हटलं बासुंदी. "मग केशरी रंगपण न्या." नेला, काय करता! व्होडकाच्या वेळी परवाना खिशात होता. पण परवाना दुकानदाराला दाखवायचा असतो. बाहेर पानटपरीवर उभ्या असलेल्या मामेसासऱ्यांना काय दाखवणार?

पाक ठेवला. ह्या पाकाला तार येता कामा नये. साखर विरघळून एक उकळी आली की उतरवायचा, नाहीतर पुढे बाटलीत खडे धरतात. तेवढ्यात आई डोकावली. "काय करी रायना रे?" सरबत म्हटल्यावर ती पदर खोचून कामालाच लागली. चमचाभर दूध घालून मळी काढली, थेंब चिमटीत धरून तार पाहिली आणि "कच्चा शे" म्हणत गॅस मोठा केला. तिच्या हातून आजवर पाक कच्चा उतरलेला नाही. तिची पाठ वळली की मी पाणी ओतायचो, ती येऊन पुन्हा आटवायची. लाडवांचा पाक होता होता वाचला.

मग निवणं. गरम पाकात व्होडका ओतली तर त्यातला अल्कोहोल उडून जातो. तो ७८ अंशांवरच उकळतो. कृतीत लिहिलेलं, 'खोलीच्या तापमानाला येऊ द्या.' आमच्या खोलीचं तापमान चाळिशीपार, त्यात लाइट गेलेली. पातेलं परातीतल्या पाण्यात ठेवलं, तर टाकीचं ते पाणी नुसती पत्ती टाकली असती तरी चहा झाला असता.

इसेन्सचं बूच उघडलं आणि वास ओसरी ओलांडून गल्लीत गेला. नेमके शहाद्याहून मामा आलेले. मोहाची फुलं आंबवून भट्टी कशी लावतात, हे लहानपणापासून पाहिलेला माणूस. त्यांनी चमचाभर चाखलं, जिभेने टाळूवर टक् केलं.

"आंबवणं नाही, भट्टी नाही. भाचा, हे तर दारूत साखर घालणं झालं!"

एवढं बोलून त्यांनी वाटी पुढे केली.

'दारू' हा शब्द आईने ऐकला. मला वाटलं, आता संपलं. तिने सरळ फडताळातला डबा काढून ताटात उपडा केला. सगळे बदाम जागच्या जागी.

"यामा बदाम कोठे शेतस?"

मी समजावलं, की तिकडेही बऱ्याचदा जर्दाळूच्या बियांतलाच गर वापरतात, हा सगळा वास बेन्झाल्डिहाइड नावाच्या रसायनाचा असतो, आणि खरे कडू बदाम घरी भिजवायचेच नसतात, त्यांच्यातून सायनाइड सुटतं. आई ऐकत होती असं वाटत नव्हतं. ती मामांच्या वाटीकडे बघत होती.

"दारू केली ती केली," शेवटी म्हणाली, "पण लोकांना सांगू काय, बदाम परवडले नाहीत म्हणून?"