एक टन ओला कचरा, सव्वासहा लिटर डिझेल

सध्या जोरात फिरणारा दावा थोडक्यात असा: "शहरातला ओला कचरा गोळा करून प्लँटपर्यंत न्यायला जेवढं डिझेल जळतं, तेवढी ऊर्जा त्याच्या बायोगॅसमध्ये नसते. त्या कचऱ्यात पाऊण हिस्सा पाणी असतं, म्हणजे गाड्या पाणीच वाहतात. गावाकडच्या शेणाचं तर विचारूच नका. त्यापेक्षा वॉर्डावॉर्डात छोटे प्लँट टाका, वाहतूकच नको." यातल्या बहुतेक गोष्टी हिशेबात टिकत नाहीत. एक अर्धी खरी आहे. आणि ऊर्जा खरोखर जिथे जाते, त्या जागेचा दाव्यात उल्लेखही नाही.

"गॅसपेक्षा डिझेल जास्त जळतं"

छोट्या घंटागाडीत एका खेपेला साधारण ६०० किलो ओला कचरा बसतो. दर पन्नास पावलांवर थांबा, इंजिन चालूच, त्यामुळे अ‍ॅव्हरेज लिटरला ८ किलोमीटरच्या वर धरू नये. गल्ल्या फिरून रॅम्पपर्यंत (छोट्या गाड्यांतला कचरा मोठ्या गाडीत भरतात ती जागा) २५ किलोमीटर झाले तर तीन लिटरच्या आसपास डिझेल जातं, म्हणजे टनाला ५ लिटर. रॅम्पवरून ९ टन भरून मोठी गाडी २० किलोमीटरवरच्या प्लँटला गेली आणि रिकामी परतली, तर लिटरला साडेतीन किलोमीटरने साडेअकरा लिटर. टनाला सव्वा लिटर. एकूण सव्वासहा लिटर. लिटरमागे ३६ मेगाज्यूल (ऊर्जेचं माप) धरले तर २२५ मेगाज्यूल.

आता दुसरी बाजू. वेगळा केलेला ओला कचरा टनाला ८० घनमीटर बायोगॅस देतो. हॉटेलचा स्वच्छ कचरा १०० च्याही पुढे जातो. मिथेन ५५ टक्के धरला तर एका घनमीटरमध्ये जवळपास २० मेगाज्यूल. म्हणजे १,६०० मेगाज्यूल. वाहतुकीचा वाटा १४ टक्के. डिझेल शुद्ध करून पंपापर्यंत आणण्याची ऊर्जा धरली तरी तो १७ टक्क्यांच्या आसपास राहतो.

८० हा आकडा फुगवलेला वाटत असेल तर इंदूर पाहा. फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झालेल्या तिथल्या गोबर-धन प्लँटची जाहीर क्षमता रोज ५५० टन ओला कचरा आणि १७,००० किलो शुद्ध केलेला गॅस. टनाला ३१ किलो. उलटा हिशेब केला तर कच्चा बायोगॅस टनाला ७५ ते ८० घनमीटरच निघतो.

"गाड्या पाणी वाहतात"

वाहतात, पण वरचा हिशेब ओल्या टनाचाच आहे. १,००० किलोत कोरडा भाग २०० ते २५० किलो आणि गॅस त्यातूनच येतो, हे धरूनच ८० घनमीटर. शिवाय डायजेस्टरमध्ये, म्हणजे कचरा कुजून गॅस होतो त्या बंद टाकीत, कचरा पातळ करावाच लागतो; सोबत आलेलं पाणी तिथे कामाला येतं. तोटा होतो तो गाडीतून गळणाऱ्या पाण्यामुळे. त्या काळपट पाण्यात सगळ्यात लवकर कुजणारी साखर आणि आम्लं असतात, म्हणजे गॅसचा चांगला हिस्सा रस्त्यावर सांडतो. उन्हाळ्यात कचरा रॅम्पवर दीड-दोन दिवस पडून राहिला तरी तेच. गाडीला गळती अडवणारा ट्रे आणि त्याच दिवशी उचल, एवढं सांभाळलं तरी फरक दिसतो.

"ही सगळी वाहतूक बायोगॅसच्या माथी"

बायोगॅस नसता तर कचरा घरी राहिला असता का? घंटागाडी आली असती, रॅम्प भरला असता आणि मोठी गाडी मुंबईत देवनारच्या किंवा पुण्यात उरुळी देवाचीच्या कचरा डेपोला गेलीच असती. बायोगॅसच्या खात्यावर टाकायचा तो फक्त जादा खर्च: ओल्यासाठी वेगळी फेरी लागत असेल तर ती, आणि प्लँट डेपोपेक्षा लांब असेल तर तेवढा फरक. एकाच गाडीत दोन कप्पे असतील तर पहिला खर्च जवळजवळ शून्य होतो.

ज्या खर्चाबद्दल कोणी बोलत नाही

खरी भूक प्लँटच्या आत आहे. कचरा दळणं आणि पल्प करणं, पंप, ढवळणी, मग गॅसमधला कार्बन डायऑक्साइड काढून तो सिलिंडरच्या दाबाला नेणं. वाहनाचा गॅस करायचा असेल तर टनामागे ६० युनिट वीज सहज लागते, त्यातली निम्मी शुद्धीकरण आणि कॉम्प्रेसरला. कोळशाच्या विजेमागे जळणारा कोळसा धरला तर युनिटला १० ते ११ मेगाज्यूल, म्हणजे ६०० च्या पुढे. गाड्यांच्या दुप्पट-तिप्पट! सगळं वजा करून टनाला ७०० मेगाज्यूलच्या आसपास उरतात. उरतात हे नक्की, पण वाढवायचे असतील तर डिझेलपेक्षा इथे हात घालावा. ढवळणी अखंड न चालवता टायमरवर तासाला १०-१५ मिनिटं चालवावी. ग्राइंडरची पाती बोथट झाली की मोटरचा अँपिअर चढतो. ती वेळेवर बदलावीत. शेजारी बॉयलर किंवा मोठं स्वयंपाकघर असेल तर गॅस हायड्रोजन सल्फाइड काढून थेट तिथे द्यावा, म्हणजे कॉम्प्रेसरच लागत नाही.

"शेणाचं तर विचारूच नका"

हा मुद्दा अर्धा खरा आहे. २५ किलो शेणाला एक घनमीटर गॅस हा जुना ठोकताळा. म्हणजे टनाला ४० घनमीटर, ८०० मेगाज्यूल. ट्रॅक्टर-ट्रॉलीत ३ टन आणि लिटरला ४ किलोमीटर धरले, तर जाऊन-येऊन प्रत्येक किलोमीटर अंतराला टनामागे ६ मेगाज्यूल लागतात. १० किलोमीटरला ६०, ३० किलोमीटरला १८०. इथपर्यंत ठीक.

गोची परतीच्या मालात आहे. एक टन शेणात तेवढंच पाणी मिसळलं की दोन टनांच्या आसपास स्लरी, म्हणजे गॅस निघाल्यावर उरलेला पातळ काला, बाहेर पडते. ती ३० किलोमीटरवरच्या शेतात परत पोचवायची तर आणखी ३६० मेगाज्यूल. ८०० पैकी ५४० रस्त्यावर गेले, प्लँटची वीज वेगळीच. असा प्रकल्प खरोखर तोट्यात जातो, आणि अशा प्रकल्पांच्या अहवालांत स्लरीची वाहतूक अनेकदा धरलेलीच नसते. उपाय साधे आहेत: शेण ८-१० किलोमीटरच्या आतलं घ्यावं, स्क्रू प्रेसने स्लरी घट्ट-पातळ वेगळी करून पातळ भाग पाण्याऐवजी पुन्हा शेणात मिसळावा, आणि लांब फक्त घट्ट भाग पाठवावा. पातळ भाग सतत फिरवला की त्यात अमोनिया साठतो, म्हणून थोडं ताजं पाणी चालू ठेवावं लागतं.

"वॉर्डावॉर्डात छोटे प्लँट टाका"

पुण्यात हे झालं. ५ टनांचे सुमारे पंचवीस प्लँट उभे राहिले, वाहतूक अगदी जवळची. तरी त्यातले अनेक बंद पडले किंवा क्षमतेपेक्षा फार कमी चालले, कारण वेगळा केलेला कचरा पोचत नव्हता आणि देखभाल होत नव्हती. शहाळी, उसाची चिपाडं, आंब्याच्या कोयी, पिशव्या आल्या की पल्पर अडतो, डायजेस्टरमध्ये वर साय धरते, तळाला वाळू बसते. टनातले ३०० किलो असे निघाले तर गॅस ७०० किलोचाच मिळतो, आणि ते ३०० किलो पुन्हा गाडीत घालून डेपोला न्यावे लागतात. डिझेलचा हिशेब मागायचाच असेल तर गाडीच्या लॉगबुकसोबत या रिजेक्टच्या, म्हणजे बाजूला काढलेल्या मालाच्या, वजनकाट्याच्या पावत्याही मागाव्यात.