लेकराला गोडाची शिस्त कशी लावावी

सर्वात आधी, आज्जीला काही सांगायला जाऊ नका. 'तुम्हाला गूळ-साखर खाऊ घालूनच वाढवलंय की,' हे ऐकून गप्प बसावं लागतं. दोन वर्षांच्या आतल्या बाळाला वरची साखर द्यायचीच नाही आणि पुढे दिवसाला २५ ग्रॅमच्या, म्हणजे सहा चमच्यांच्या आत ठेवायची, असं अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१६ मध्ये सांगितलं. त्यांच्याकडे आत्या नसतील. आपल्याकडे बाळाचं बोटसुद्धा श्रीखंडात बुडवून चाटवतात.

आता मुद्द्याचं. गोळ्या एकदम देऊन संपवू नका. तोंडातले जंतू साखर खाऊन आम्ल सोडतात, त्याने दाताचं कवच झिजतं, आणि ते सावरायला लाळेला अर्धा तास तरी लागतो. जेवतानाच शेंगापोळी खाऊन लेकरू मोकळं झालं तर लाळेचं काम एकदाच होतं. एवढी चैन तिला कशाला? शाळेच्या रिक्षात एक, मधल्या सुट्टीत एक, नवी पेठेत खरेदीला कंटाळलं की एक, आणि झोपताना एक, कारण झोपेत लाळही कमी सुटते. गोळी चिकट बघून घ्या, दाढेत छान बसते.

सहाव्या वर्षाच्या आसपास अगदी मागे एक दाढ येते. आधी दुधाचा दात पडत नाही, म्हणून कुणाला पत्ता लागत नाही. ती किडली तर 'दुधाचीच आहे, पडंल की' म्हणावं. ती जन्मभराची असते, पण डॉक्टरांना सांगायला काहीतरी ठेवलं पाहिजे.

कडकपणा दाखवायचाच असेल तर जानेवारीत दाखवा. सोलापुरात होम मैदानावर गड्ड्याची जत्रा भरली की 'बुढ्ढी के बाल' अजिबात द्यायचे नाहीत, घसा धरतो. पाडव्याच्या साखरेच्या हारालाही हात लावू द्यायचा नाही. वर्षातून एकदा येतं त्याला बंदी आणि रोजचं येतं त्याला माफी, याला आपल्या घरात शिस्त म्हणतात.

आणि भाजी संपवली की चॉकलेट, हा सौदा विसरू नका. मेथी ही शिक्षा आणि चॉकलेट हा पगार, एवढं लेकराला आठवड्यात पाठ होतं. आमच्याकडे झालं. रात्री ब्रश हातात दिला, तर पाच वर्षांचं कार्टं तोंड घट्ट मिटून म्हणालं, "दात घासायचे दोन लागतील."