भातावरून नाही भांडत ते

आज दुपारी ऑफिसात डबा खाताना एकाने मोबाइल पुढे केला. घाना आणि नायजेरियाची माणसं, कुणाचा जोलोफ भात (टोमॅटो-मिरचीत शिजवलेला) खरा यावरून एकमेकांवर तुटून पडलीयत, असा व्हिडिओ. टेबलावर हशा. आणि मग तो म्हणाला, "भातावरून भांडतायत बघ! सगळी आफ्रिका एकच ना, मग यांना एवढं काय पडलंय?"

डोक्यात तिडीक गेली माझ्या. तिथे गप्प बसले, कारण उद्याही त्याच टेबलावर जेवायचं आहे. पण घरी येऊन कणीक मळताना तेच वाक्य कानात. शेवटी परात झाकून ठेवली आणि लिहायला बसले.

कोल्हापूरचा माणूस पुण्याच्या मिसळीला मिसळ म्हणायला तयार नसतो, तेव्हा आपण त्याला अभिमान म्हणतो. आणि घानाच्या राजधानीतल्या, अक्राच्या बाईने नायजेरियातल्या लागोस शहराच्या भाताला नाक मुरडलं की तो विनोद? का बरं?

नवीन मित्रांना माहीत नसेल, 2009 ते 2013 आम्ही घानात होतो. तेमा नावाचं बंदराचं शहर आहे, अक्राला लागूनच. नवऱ्याची तिथल्या एका कारखान्यात नोकरी. तीन मजली घर होतं. तळाला घरमालकीणबाई, त्यांना सगळी गल्ली आंटी म्हणायची. मधे आम्ही. आणि वरच्या मजल्यावर एक नायजेरियन गृहस्थ, तिथल्या इग्बो समाजाचे, गाड्यांच्या स्पेअर पार्टचा धंदा. आंटी त्यांना 'ओगा' म्हणायच्या. ओगा म्हणजे नायजेरियात साहेब, मालक. मग आम्हीही ओगाच म्हणायला लागलो.

रविवारी चर्चमधून आल्यावर आंटी रेकॉर्ड लावायच्या. ठरलेली एकच. तिच्या काठाचा टवका उडालेला, त्यामुळे सुरुवातीला दर फेऱ्याला टक्, टक् व्हायचं. मग ट्रम्पेट उठायचं. आंटी चुलीपाशी कांदा-टोमॅटो परतत उभ्या, मान हळूहळू डोलतेय. आणि वरून जिन्यातून ओगांचा आवाज, "आंटी, आमचा माणूस वाजवतोय!" खालून आंटी, "हो, पण शिकवलं कुणी?" दर रविवारी. चार वर्षं. एकदाही चुकलं नाही.

वाजवणारे होते व्हिक्टर ओलाइया. लागोसचे. म्हणजे ओगा खरं बोलत होते. पण आंटींचं उत्तरही खोटं नव्हतं. हायलाइफ हे संगीत घानाच्या किनाऱ्यावरचं, देशाला गोल्ड कोस्ट म्हणत तेव्हापासूनचं. वरच्या वर्गाच्या क्लबात बँड वाजायचा, आत जायला पैसे आणि भारी कपडे लागायचे. बाहेर रस्त्यावर उभं राहून ऐकणाऱ्यांनी त्याला नाव दिलं, हायलाइफ. 1950 नंतर अक्राचे ई. टी. मेन्सा आपला टेम्पोज बँड घेऊन नायजेरियाचे दौरे करायला लागले आणि लागोसच्या बँडवाल्यांच्या वाजवण्याची तऱ्हाच बदलली. हे मेन्सा शिक्षणाने फार्मासिस्ट. 1956 मध्ये अमेरिकेचे जॅझ ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँग अक्राला आले तेव्हा त्यांच्याबरोबर वाजवलेला माणूस! ओलाइयांनी हायलाइफ उचललं ते तिथून. पुढे त्यांच्याच बँडमध्ये पोरसवदा फेला कुटी वाजवून गेला. त्या फेलाने अॅफ्रोबीट नावाचं नवं संगीत उभं केलं, ते ज्याच्या ड्रमवर उभं राहिलं तो टोनी अॅलन, आणि त्याच्या आईचं घराणं घानाचं.

आता करा वाटणी.

आणि तरीही मी आंटींच्या बाजूची आहे, लपवत नाही. कारण दुखणं काय आहे ते मी तिथे राहून पाहिलंय. नायजेरियात वीस कोटींहून जास्त माणसं, घाना त्याच्या सहाव्या-सातव्या हिश्शाएवढा. आवाज कुणाचा मोठा होणार? 2011 च्या सुमारास तेमाच्या गल्लीत पोरं अझोंटो नाचायची. आमच्या फाटकासमोर, धुळीत, चपला काढून. हाताने इस्त्री केल्यासारखं, गाडी चालवल्यासारखं, कपडे धुतल्यासारखं, रोजच्या कामाचा नाच केलेला. माझी मुलगी तेव्हा पाच वर्षांची, तीही त्यांच्यात. वर्षभरात नायजेरियाच्या गायकांची अझोंटोवर गाणी आली आणि बाहेरच्या जगाला वाटायला लागलं, हे तिकडचंच. गल्लीतली पोरं कशी चिडली होती! ती चीड मला खरी वाटली, आजही वाटते. 2017 मध्ये मिस्टर ईझी या नायजेरियनच गायकाने, जो घानातल्या कुमासीला इंजिनिअरिंग शिकला, उघड लिहिलं की आजच्या नायजेरियन संगीतावर घानाचा मोठा प्रभाव आहे. त्याच्याच देशातले लोक त्याच्या अंगावर धावून गेले. जे दिसतंय ते बोलला म्हणून!

बरं, मान्य, लागोसच्या पोरांनी मेहनत करून हे संगीत जगाच्या मोठमोठ्या स्टेडियममध्ये नेलं, ते घानाला जमलं नाही. आणि ओगा ज्या गाण्यावर डोळे पुसायचे ते 'स्वीट मदर' पण नायजेरियातूनच आलं, 1976 मध्ये. त्याचा गायक निको म्बार्गा, आई नायजेरियन, बाप कॅमेरूनचा. घ्या, तिसरा देश आला. आणि हायलाइफची गिटार? लायबेरियाच्या क्रू खलाशांनी बंदराबंदरांतून नेलेली. हे आंटींना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "खलाशी उतरले कुठे? आमच्याकडेच ना?"

भाताचंही तेच. जोलोफ हे नाव वोलोफ लोकांचं, सेनेगलकडचं. तिथल्या मासे-भाताला युनेस्कोच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत जागा मिळाली 2021 मध्ये. मग घाना-नायजेरिया कशासाठी भांडतात, असं तुम्ही म्हणाल. अहो, खाऊन बघा! आंटींचा भात सुवासिक तांदळाचा, झाकण काढलं की जिन्यापर्यंत घमघमाट. ओगांच्या बायकोचा उकड्या तांदळाचा. मी रत्नागिरीची, उकडा तांदूळ माझ्या घरचा, त्यामुळे पहिल्या घासाला मला माहेर आठवलं. तो दाणा मोठ्या पातेल्यात, लाकडाच्या आचेवर, टोमॅटो आणि मिरचीचं सगळं पाणी पिऊनही मोडत नाही, आणि बुडाशी जो जरा करपतो त्याचा धुरकट वास अख्ख्या पातेल्याला लागतो. त्या वासासाठी तर लग्नाला जायचं. मी हे आंटींसमोर कधी बोलले नाही. आज पहिल्यांदा लिहितेय.

2014 मध्ये एका ब्रिटिश शेफने जोलोफची स्वतःची कृती टाकली, त्यात लिंबू आणि पार्सली घातलं. त्या दिवशी आंटींचा देश आणि ओगांचा देश एकाच बाजूला उभे राहून त्याच्यावर तुटून पडले. भाऊबंदकी म्हणतात ती हीच. बांधावरून डोकी फोडतील, पण बाहेरच्याने बांधाला हात लावून दाखवावा.

पण आता जे लिहायचंय ते त्या टेबलावरच्या कुणालाच माहीत नाही. आणि म्हणूनच मला त्या हसण्याचा इतका राग आलाय.

ती टवका उडालेली रेकॉर्ड आंटींच्या यजमानांची, म्हणजे अंकलची. ते सुतार होते, लागोसला कामाला. नायजेरियात तेलाचा पैसा होता, घानात काही नव्हतं, लाखो माणसं तिकडे गेलेली. तेलाचे भाव पडले आणि 17 जानेवारी 1983 ला नायजेरियाच्या सरकारने सांगितलं, कागदपत्रं नसलेल्या परदेशी मजुरांनी चौदा दिवसांत देश सोडायचा. त्यात घानाचीच माणसं दहा लाखांच्या घरात. चौदा दिवस! मिळेल त्यात सामान कोंबलं. ती चौकडीची, चेन लावलेली मोठी प्लास्टिकची पिशवी, आपल्या एसटी स्टँडवर कुठेही दिसते ना, तिला पश्चिम आफ्रिकेत आजही 'घाना मस्ट गो' म्हणतात. पिशवीचं नाव आहे ते. दुकानात जाऊन त्याच नावाने मागायची.

घरी यायला मधे बेनिन आणि टोगो. घानाने आपली सीमा बंद ठेवलेली, म्हणून टोगोनेही दार लावून घेतलं, आणि बेनिनमध्ये माणसं उघड्यावर अडकली. अंकलच्या पिशवीत होतं ते असं: रंधा, करवत, दोन शर्ट आणि शर्टात गुंडाळलेली रेकॉर्ड. करवत वाटेत पावाच्या बदल्यात गेली. पिशवी ट्रकवर फेकताना रेकॉर्डचा टवका उडाला. घरी पोचले तर त्या वर्षी घानात दुष्काळ, रानं पेटलेली, खायला नाही. लोकांच्या गळ्याची हाडं वर आलेली, त्याला तेव्हाच्या राज्यकर्त्याच्या नावाने 'रॉलिंग्ज चेन' म्हणत, म्हणजे रॉलिंग्जने घातलेला दागिना. आंटी हे सांगताना स्वतःच्या गळ्यावरून बोट फिरवून दाखवायच्या.

ज्या देशाने हाकललं त्या देशाच्या माणसाची रेकॉर्ड. आणि ती दर रविवारी लागायची. आणि वरून ओगा म्हणायचे, "आमचा माणूस." कळतंय ना तुम्हाला, "शिकवलं कुणी" हे आंटी कुठून बोलत होत्या ते?

त्याच हकालपट्टीच्या आगेमागे ई. टी. मेन्सा आणि व्हिक्टर ओलाइया, एक घानाचा, एक नायजेरियाचा, दोघांनी मिळून एक आख्खी रेकॉर्ड काढली होती. सरकारं माणसं ट्रकमध्ये भरत होती आणि ही दोन म्हातारी होत चाललेली माणसं एका स्टुडिओत ट्रम्पेट जुळवत होती. मला हे कळलं तेव्हा मी जिन्यात बसून रडले होते.

आता दुसरी बाजू. घानानेही केलंय. 1969 मध्ये तिथल्या सरकारने परवाना नसलेल्या परदेशी लोकांना दोन आठवडे दिले आणि पिढ्यान् पिढ्या दुकान चालवलेली नायजेरियन कुटुंबं रातोरात उठवली. ओगा हे एकदाच बोलले, हळू आवाजात, आंटी आत गेल्यावर. आणि 2025 च्या जुलैत अक्राच्या रस्त्यावर पुन्हा लोक उतरले, 'नायजेरिया मस्ट गो' म्हणत. मोबाइलवर ते बघताना मला किळस आली. माझ्या लाडक्या घानाचीच माणसं, हातात फलक, आणि फलकावर तेच शब्द ज्यांनी अंकलची करवत खाल्ली. हे मी खपवून घेणार नाही. भातावर भांडा, ट्रम्पेटवर भांडा, अझोंटोवर वर्षानुवर्षं भांडा. शेजाऱ्याला 'चालता हो' म्हणायचं नाही. तिथे तुमचं हायलाइफ घानाचं असो की आणखी कुणाचं, मला ऐकायचं नाही.

(थोडं थांबले होते. पाणी पिऊन आले.)

2 जुलै 2010 आठवतोय. वर्ल्ड कप, घाना विरुद्ध उरुग्वे. अख्खी इमारत आंटींच्या हॉलमध्ये. गोलात जाणारा चेंडू सुआरेझने हाताने अडवला, शेवटच्या मिनिटाला पेनल्टी मिळाली आणि असामोआ ग्यानने ती बारवर मारली. सगळे सुन्न. मग शूटआउटमध्येही हरले. खोलीत पहिला हुंदका कुणाचा आला? ओगांचा. त्यांची नायजेरिया तर कधीच बाहेर पडली होती. आंटींनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "गप, तुमची टीम एवढ्यापर्यंत तरी आली का?" रडताना सुद्धा!

2025 च्या डिसेंबरात दिल्लीत लाल किल्ल्यावर युनेस्कोची बैठक झाली, त्यात आपली दिवाळी यादीत आली, पेपरात पहिल्या पानावर वाचलीत तुम्ही. त्याच बैठकीत घानाचं हायलाइफ पण आलं. आपल्याकडे कुणाला पत्ता नाही. मी त्या दिवशी आंटींना फोन केला होता. आता ऐकू कमी येतं त्यांना. दोनदा ओरडून सांगितलं तर म्हणाल्या, "कळलं गं, आधीच कळलं. वर जाऊन ओगाला सांगून आले." पंचाहत्तरीच्या बाई, गुडघे दुखतात, दोन जिने चढून सांगायला गेल्या. म्हटलं, काय म्हणाले? "म्हणतो, ओलाइयाचं नाव घातलंय का त्यात?"

आज पुन्हा लावला फोन, ऑफिसातलं ऐकून राहवेना. रेकॉर्ड लावता का अजून, विचारलं. तर प्लेअरची सुई गेलीय, चार महिने झाले. तेमात मिळत नाही. ओगा सुटे भाग आणायला लागोसला गेलेत, अलाबाच्या बाजारात बघतो म्हणालेत. आंटींनी त्यांना बजावून पाठवलंय, सुई आण, पण तिकडचा भात बांधून आणू नकोस.

परवा येतील ते.