दहा पट, तीस पट, शंभर पट: टेकडीवरच्या ‘जंगला’चा हिशेब

पावसाळा तोंडावर आला की पुण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो: ‘मियावाकी पद्धतीने जंगल १० पट वेगाने वाढते, ३० पट दाट होते, त्यात १०० पट जैवविविधता असते. तीन वर्षांनी पाणीही लागत नाही. आपल्या ओसाड टेकड्यांवर हे लावा, शहर थंड होईल.’ मियावाकी म्हणजे थोड्या जागेत स्थानिक जातींची रोपे अगदी दाट लावण्याची जपानी पद्धत. पाठवणाऱ्यांच्या हेतूबद्दल शंका नाही, रविवारी श्रमदानाला येतात तेही हेच लोक. पण मेसेजमधले एकही विधान जसेच्या तसे टिकत नाही.

‘३० पट दाट.’ यात किमया कसलीच नाही, हा खड्ड्यांचा हिशेब आहे. तीन-तीन मीटरवर रोप लावले तर हेक्टरी सुमारे १,१०० रोपे बसतात. मियावाकीत चौरस मीटरला तीन लावली तर ३०,०००. म्हणजे दाटी वाढून आलेली नसते, लावतानाच विकत घेतलेली असते. पुढे उजेडाच्या चढाओढीत त्यातली बरीच मरतात, आणि पद्धतीत ते गृहीतच धरलेले आहे.

‘१० पट वेगाने.’ खत, भुसभुशीत माती आणि टँकरचे पाणी मिळाले की रोपे झपाट्याने उंच होणारच. पण नुसती उंची म्हणजे जंगल नव्हे. पिंगळ्याला, म्हणजे छोट्या घुबडाला, घरट्यासाठी लागणारी ढोली जुन्या खोडातच होते.

‘१०० पट जैवविविधता.’ कशाच्या तुलनेत? एकाच जातीच्या लागवडीशी तुलना केली तर कुठलीही मिश्र लागवड जिंकेल. लावलेल्या जाती मोजायच्या तर रोपवाटिकेचे बिल पुरे. मोजायचे ते आपणहून काय आले: कोणता पक्षी विणीला, कोणते फुलपाखरू अंडी घालायला. त्यासाठी लागवडीआधी तिथे काय होते याची नोंद लागते. ती नसेल तर १०० म्हणा नाहीतर ५००.

आता ‘ओसाड टेकड्या’. खरा घोळ इथे आहे. पुण्यात वर्षाला साधारण ७०० ते ७५० मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. टेकडीवर बेसाल्टच्या कातळावर जेमतेम मुरूम. अशा जागी निसर्गतः गवत येते आणि त्यात मधूनमधून झाडे: सालई, मेडशिंगी, गणेर, हिवर, खैर. एप्रिलमध्ये वेताळ टेकडी बघून तिला ओसाड म्हणणारा जुलैत आषाढ आमरी ही जमिनीवरची ऑर्किड फुलते तेव्हा बहुधा घरी असतो. चंडोल घरटे जमिनीवर, गवताच्या आडोशाला करतो. त्याच्या माळावर दाट झाडी उभी केली की तो तिथून जातो, आणि आपण वर ‘जैवविविधता वाढली’ असा फलक लावतो.

हे माळ म्हणजे तोडलेल्या जंगलाचे उरलेसुरले, असा एक लाडका समज आहे. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या संशोधकांनी तेराव्या शतकापासूनच्या मराठी वाङ्मयातले वनस्पतींचे उल्लेख तपासले. पश्चिम महाराष्ट्रातली ही गवताळ राने किमान साडेसातशे वर्षे जुनी आहेत, असे त्यांनी २०२५ मध्ये दाखवले. शिवाय टेकड्या घाईने हिरव्या करण्याचा प्रयोग आपण एकदा करून बसलो आहोत. मध्य अमेरिकेतले उंदीरमारीचे (ग्लिरिसिडिया) झाड आणून लावले, ते फोफावले, आणि त्याच्या दाटीत गवताचे काय झाले ते कुणीही जाऊन बघावे.

गंमत म्हणजे ही पद्धत घडवणारे जपानी वनस्पतीशास्त्रज्ञ, खुद्द अकिरा मियावाकी (१९२८–२०२१) यांची पहिली पायरी खड्डा खणण्याची नव्हतीच. माणसाने ढवळाढवळ केली नसती तर या जागी काय उगवले असते, हे आधी ओळखा, असे ते सांगत. जपानात १९७० च्या दशकात त्यांनी पोलाद कारखान्यांभोवती वने उभी केली. तिथला पाऊस पुण्याच्या दुपटीहून जास्त, आणि मूळ वनही सदाहरित. त्यांचाच प्रश्न आमच्या टेकडीला विचारला तर उत्तर येते: गवत आणि विरळ झाडे. मेसेजमधून नेमकी हीच पायरी गळली आहे.

‘तीन वर्षांनी पाणी लागत नाही.’ कातळावर जेसीबी चालवून, बाहेरची माती भरून चौरस मीटरला तीन झाडे उभी केली, तरी पाऊस सरल्यावरचे आठ महिने काही टळत नाहीत.

‘शहर थंड होईल.’ झाडाचा गारवा झाडाखाली आणि फार तर आसपास. पुण्यात तापतात ते रस्ते आणि पेठा. लक्ष्मी रोडवर बसची वाट पाहणाऱ्याला टेकडीवरच्या दाटीचा उपयोग नाही. त्याला रस्त्याकडेचा जुना वड किंवा शिरीष हवा, जो रुंदीकरणात आधी जातो आणि ज्याच्या बदल्यात टेकडीवर रोपे दाखवली जातात.

मियावाकीला माझा सरसकट विरोध नाही. मुंबई महापालिकेने २०२० पासून शहरातल्या भूखंडांवर अशी वने लावली आहेत. राडारोडा पडलेली जागा, कारखान्याचे आवार, गोदामामागची पट्टी इथे ती खुशाल लावावीत, मात्र जातींची यादी त्या त्या ठिकाणची हवी. टेकडीवर पैसा घालायचाच असेल तर उन्हाळ्याआधी वणवा अडवायला जाळरेषा काढा, उंदीरमारी टप्प्याटप्प्याने कमी करा, रिकाम्या झालेल्या जागी शेजारच्याच सालई-मेडशिंगीचे बी टाका. जिथे गवत शाबूत आहे तिथे काहीही लावू नका.