"एमएसचा अटॅक म्हणजे औषधांची उष्णता": त्या मेसेजला उत्तर

नात्यातल्या एका मुलीला एमएस, म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस हा मेंदू आणि नसांचा आजार आहे. तिच्या सासूबाईंनी काळजीपोटी तिला एक मेसेज पाठवला आणि ती विचारू लागली, "कॅप्सूल थांबवू का?" म्हणून हे लिहायला घेतलं. मेसेज असा: मल्टिपल स्क्लेरोसिसचा अटॅक औषधांच्या उष्णतेने येतो, २१ दिवस सगळी औषधं बंद ठेवा, रोज गरम तेलाचं मालिश करून वाफ घ्या, व्हिटॅमिन डीची पुडी रोज घ्या, आणि स्टेरॉइडचं सलाईन अजिबात लावू नका.

सगळ्यात घातक आहे ते "२१ दिवस औषधं बंद". रिलॅप्समध्ये, म्हणजे अटॅकमध्ये, आपल्याच लिम्फोसाइट पेशी (रोगप्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशी) मेंदू, मज्जारज्जू किंवा डोळ्याच्या नसेवरचं मायलिनचं आवरण खरवडतात. तिची फिंगोलिमॉडची कॅप्सूल या पेशींना लसिकाग्रंथींतच अडकवून ठेवते. ती थांबली की पेशी पुन्हा रक्तात उतरतात आणि आजार कधी कधी पहिल्यापेक्षा जोराने उसळतो. नोव्हेंबर २०१८ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, नेमका हाच इशारा दिला. कॅप्सूल सोडल्यावर २ ते २४ आठवड्यांत ३५ जणांचं अपंगत्व गंभीर वाढलं होतं, त्यातल्या बहुतेकांचं पहिल्या १२ आठवड्यांतच. आधाराशिवाय चालणारी काही माणसं व्हीलचेअरवर किंवा अंथरुणावर गेली. औषधाला मंजुरी मिळाल्यापासूनच्या आठ वर्षांत ३५ म्हणजे हे रोज घडत नाही, मान्य. पण घडलं तर पाय जातात. नॅटालिझुमॅब हे एमएसचं दुसरं औषध सोडल्यावरही असाच उसळा येतो.

ज्यांनी आधीच कॅप्सूल बंद केली आहे त्यांनी ती घरच्या घरी पुन्हा सुरू करू नये. पहिल्या डोसला नाडी मंदावते. महिन्याहून जास्त काळ औषध चालू होतं आणि मध्ये १४ दिवसांपेक्षा जास्त खंड पडला, तर पुन्हा पहिल्या डोससारखंच ६ तास नाडी, बीपी आणि ईसीजीवर लक्ष ठेवावं लागतं. २१ दिवसांत ही मर्यादा ओलांडली जातेच. न्यूरोलॉजिस्टला आजच फोन करा.

उष्णतेच्या मुद्द्यात अर्धं खरं आहे. अंग तापलं की मायलिन गेलेल्या नसेतून संदेश नीट जात नाही. नजर धूसर होते, पाय जड पडतात. पण गार झाल्यावर ते ओसरतं, कारण तो नवा अटॅक नसतोच. मग वाफ कशाला घ्यायची? वाफेने नेमकं हेच होतं, तोल जाऊन माणूस पडतो, आणि बधिर कातडीला चटका बसलेला कळतही नाही. खरा रिलॅप्स म्हणजे ताप किंवा इन्फेक्शन नसताना २४ तासांहून जास्त टिकलेलं नवं किंवा वाढलेलं लक्षण. म्हणून लक्षण सुरू झालं ती वेळ लिहून ठेवा, ताप मोजा, लघवीची तपासणी आणि कल्चर करा. युरिन इन्फेक्शनमुळे जुनी लक्षणं हुबेहूब परत येतात, आणि त्यावर स्टेरॉइड दिलं तर इन्फेक्शनच बळावतं.

व्हिटॅमिन डीची ६०,००० युनिटची पुडी सहसा आठवड्याला एक असते. रोज घेतली तर रक्तात कॅल्शियम चढतं, उलट्या होतात, किडनी बिघडते. एवढं पुरे.

आता स्टेरॉइड. त्याने शेवटी किती भरून येणार ते बदलत नाही, फक्त लवकर भरून येतं, हे खरं आहे. नुसत्या मुंग्या असतील तर डॉक्टरही कधी कधी थांबतात. पण दिसेनासं झालं, चालता येईना, लघवी अडली, तर महिनाभर तसंच बसायचं? मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड रोज १ ग्रॅम, ३ ते ५ दिवस, शक्यतो सकाळी, कारण झोप उडते. मधुमेह असेल तर साखर रोज तपासायची, टीबी झालेला असेल तर आधीच सांगायचं. इतकं करूनही मोठ्या अटॅकमध्ये फरक पडला नाही तर प्लाझ्मा एक्स्चेंज (रक्तातला द्रव भाग मशीनने काढून बदलणं) करता येतं, साधारण दिवसाआड ५ ते ७ वेळा. त्यासाठी आधीच्या सलाईनच्या तारखा आणि डोस लिहिलेला कागद फाईलमध्ये हवा.