दोन मजली पिंप

नेरूळच्या आमच्या सोसायटीच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीशेजारी, उभ्या अक्षाची जी छोटी पवनचक्की मी रीतसर परवानगी घेऊन बसवली आहे, तिचे चक्र नव्याने घडवायला घेतले तेव्हा तांत्रिक अडचणींची मला कल्पना होती, सभासदांची नव्हती.

मूळ रचना सावोनियस पद्धतीची होती. फिनलंडच्या सिगुर्ड सावोनियस यांनी 1920च्या दशकात मांडलेली ही युक्ती इतकी सोपी आहे की निळे पिंप उभे चिरून दोन्ही अर्धुके किंचित सरकवून दांड्यावर बसवली की काम झाले, आणि वारा खाडीकडून येवो वा डोंगराकडून, चक्राला त्याचे काही नसते. खोट एवढीच की विशिष्ट कोनात ते थांबले की दोन्ही पात्यांवरचा जोर जवळपास तुल्यबळ होतो आणि चक्र जागचे हलत नाही. शिवाय जनरेटरमधली चुंबके गाभ्याच्या दातांना घट्ट धरून बसतात. आमचे चक्र नेमके याच कोनात थांबत असे, विशेषतः कोणी बघायला आले की.

"डॅरियस नावाच्या पवनचक्कीसारखी बारीक पाती लावा, जोरात फिरतात," असा सल्ला तिसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त इंजिनिअर काकांनी दिला. ती बहुधा आपणहून सुरूच होत नाहीत, असे मी म्हणताच ते उत्तरले, "मग सकाळी वॉचमन ढकलेल की!"

सेक्रेटरींचा प्रश्न एकच होता: "यावर लिफ्ट चालेल का?" वाऱ्याची शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते, सेकंदाला 3 मीटर वेगाच्या वाऱ्यात एका चौरस मीटरमागे जेमतेम 16 वॅट असतात, बेट्झच्या नियमाप्रमाणे त्यांतले 59.3 टक्क्यांहून अधिक कोणालाच मिळत नाहीत, आणि आमच्या पिंपाला तर पंधरा-वीस टक्केच झेपतात, असे मी समजावले. तीन वॅट ऐकून सेक्रेटरी सहानुभूतीने गप्प झाले. वेग दुप्पट झाला तर शक्ती आठपट होते, हे ऐकायला ते थांबले नाहीत.

अखेर तीच अर्धुके आडवी कापून मी चक्र दोन मजली केले आणि वरचा मजला खालच्याशी काटकोनात बसवला, म्हणजे एक अडला तरी दुसरा ओढून नेतो. वारा कडेने निसटू नये म्हणून वर-खाली व्यासाहून थोड्या मोठ्या गोल तबकड्या लावल्या. तुर्भ्याच्या लेथवाल्याने फ्लँज (दांड्याला जोडायची चकती) करून देताना "साहेब, हे नक्की कशाचं?" एवढेच विचारले, घरी मात्र, "अहो, आंघोळ झाली तरी कानामागे निळा भुसा आहे," हे रोजचे झाले.

आता दुपारी खाडीचा वारा सुटला की चक्र कोणी न ढकलता फिरू लागते आणि जिन्यातला छोटा एलईडी दिवा त्यावर चालतो. त्याकडे कोणाचे लक्ष नाही. मात्र टाकीवर कबुतरे बसेनाशी झाल्याचे सर्वांना दिसले आणि वार्षिक सभेत अभिनंदनाचा ठराव एकमताने संमत झाला. इतिवृत्तात यंत्राची नोंद 'कबूतर प्रतिबंधक फिरते साधन' अशी आहे, आणि दुसरे साधन बी विंगच्या गच्चीवर कधी बसवता, अशी विचारणा करणारे पत्र कालच हाती पडले.