पाहुण्यांनो, एक ताराबाई पुरे

कोल्हापुरात राहता आणि अजून एकाही तालमीनं तुम्हाला ताराराणी जयंतीला पाहुणे म्हणून नेलं नाही? नेतील. ठरलेला पाहुणा ऐन वेळी मुंबईला पळाला की गल्लीतला जरा शिकल्यासारखा दिसणारा माणूस शोधतात, आणि तुम्ही चष्मा लावता. तयारी ठेवा. वाचनाची नव्हे. वाचलंत की भाषण हातचं गेलंच म्हणून समजा.

ताराबाई किती, हे मोजायला तर अजिबात बसू नका. मी एकदा बसलो होतो. हंबीरराव मोहित्यांची लेक, राजारामांची राणी; १७०० साली नवरा गेला तेव्हा पंचविशीतली. लहानग्या शिवाजीला गादीवर बसवून तिनं औरंगजेबाला त्याच्या मरणापर्यंत, म्हणजे १७०७ पर्यंत, दमवलं. इथवर सगळ्यांना पाठ असतं. मग कळलं की बडोद्याच्या गायकवाडांची इंदुमती १९१८ साली कोल्हापूरच्या राजारामांना दिली आणि सासरी तिची ताराबाई झाली. १९४० साली हेही राजाराम गेले. मागं दत्तक मुलगा घेतला, तो अज्ञान, म्हणून कारभार या ताराबाईंकडं. मुलाचं नाव? शिवाजी. नवरा राजाराम, पोरगा शिवाजी, कारभार ताराबाईंचा. मधे काय ती दोनशे चाळीस वर्षं. तेवढ्यासाठी दोन भाषणं कोण लिहितंय?

शिवाय तिची मोकळी झालेली ‘इंदुमती’ वाया गेली नाही. राजर्षी शाहूंच्या धाकट्या सूनबाई इंदुमतीदेवी, त्या माहेरच्या जमना. लग्नाला वर्ष होतंय तोवर विधवा झाल्या आणि सासऱ्यांनी सोनतळीला ठेवून त्यांना शिकवलं. तेव्हाच्या राजघराण्यात सुनेला पुस्तकं देणारा सासरा! यावर खरं तर अख्खं भाषण होईल. पण जयंती त्यांची नाही, सोडा.

जिजाबाईंचंही तेच. शिवरायांच्या आईसाहेब एक, आणि १७६० ते १७७३ कोल्हापूरचं राज्य चालवणाऱ्या दुसऱ्या. दुसऱ्यांनाही मुलगा शिवाजीच, दत्तक. चुकून यांचं काही पहिल्यांच्या नावावर गेलं तरी टाळी कमी पडत नाही. मी वाजवून पाहिली आहे.

घराण्याबाहेरच्या ताराबाईंपासून मात्र जपून. बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी १८८२ साली ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहून पुरुषांना असं काही धुतलं की डाग अजून निघालेले नाहीत. तुमच्या स्टेजवर अकरा पुरुष बसलेले असतात आणि एक ताई औक्षणाचं ताट धरून उभी. तिथं हे काढू नका. ताराबाई मोडकांनी बालशिक्षणात आयुष्य घातलं, पण त्यांच्या हातात तलवार नाही, फ्लेक्सला शोभत नाही. आणि आपल्या शेजारच्या सांगलीच्या ताराबाई भवाळकर २०२५ मध्ये दिल्लीच्या ९८व्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष झाल्या, त्यांचं नाव तर घेऊच नका. अभ्यासक बाई, चूक काढायच्या.

फ्लेक्सचं मी पाहिलंय. पोरानं नेटवर ‘ताराबाई’ टाकलं आणि पहिला आला तो फोटो उचलला. काळा-पांढरा, डोक्यावरून पदर, डोळ्यांवर चष्मा. खाली जन्म १६७५, मृत्यू १७६१. म्हटलं, भावा, तेव्हा कॅमेरा नव्हता. त्यानं शांतपणे माऊस फिरवला, बाजूला एक घोडा आणून ठेवला आणि विचारलं, ‘‘आता?’’ मी काय बोलणार. खाली सौजन्य म्हणून सतरा तोंडं होती, ती मात्र एकूण एक बरोबर.

आता मुख्य भाषण. ‘करवीर संस्थानच्या संस्थापिका’ म्हणा आणि थांबा. १७१४ कडं वळू नका. त्या साली सवत राजसबाईंच्या मुलाला, संभाजीला, गादीवर बसवलं आणि या संस्थापिकेला तिच्या मुलासकट कैदेत टाकलं. कुठं? आपल्याच पन्हाळ्यावर. मुलगा कैदेतच गेला. वारणेच्या तहानंतर बाई राहायला गेल्या त्या साताऱ्याला, ज्या शाहूंशी उभा जन्म भांडल्या त्यांच्या गावी, आणि तिथंच वारल्या. आपल्या गावानं कोंडलेल्या बाईला शत्रूच्या गावात जागा मिळाली, हे माईकवरून सांगितलंत तर नारळ हातात पडेल, शाल नाही.

कुणी वात्रट पोरगं विचारेल, ‘‘शाहूंशी भांडण, मग आपल्या गावाला शाहूनगरी कसं म्हणतात?’’ ते शाहू साताऱ्याचे, १७४९ साली गेले; आपले राजर्षी १८७४ चे, कागलच्या घाटग्यांचे यशवंतराव, दहाव्या वर्षी दत्तक आलेले. हे उत्तर चांगलं आहे. देऊ नका. पोराला पुढं बोलावून त्याचा सत्कार करा, गप्प बसतं.

कार्यक्रम उरकला की हार घालायला पुतळ्याकडं निघायचं असतं. रिक्षावाल्याला मात्र ‘ताराराणी’ म्हणू नका. ताराबाई पार्क, ताराराणी विद्यापीठ की महापालिकेतली ती आघाडी, असं तो विचारत बसेल, आणि तुम्हाला तर एकच माहीत. नुसतं ‘कावळा नाका’ म्हणा. बरोब्बर पुतळ्यापुढं सोडतो.